निकष 'पूर्ण' होत नसतो

प्रश्न आहे: 'हा प्रोसेसर सर्व निकष पूर्ण करतो' हे वाक्य बरोबर आहे का, आणि बेंचमार्कला, म्हणजे कामगिरी तोलायच्या ठरलेल्या चाचणीला, मराठीत निकष म्हणावं की मानदंड?

वाक्य चूक आहे. पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या काउंटरपासून सरकारी जाहिरातींपर्यंत ते रोज कानावर पडतं आणि रोज डोकं उठतं. निकष म्हणजे दगड, सोनं घासून पाहायचा काळा दगड. दगड पूर्ण कसा करणार? पूर्ण करतात त्या अटी. निकषावर उतरावं लागतं.

मानदंडवाल्यांचं मला मुळीच पटत नाही. मानदंड ही मोजायची काठी. कालिदासाने हिमालयाला पृथ्वीचा मानदंड म्हटलं, ते त्याच्या पसाऱ्यामुळे. काठीने लांबी कळते, गुण कळत नाही.

'कष्' म्हणजे घासणे. त्यातून कस, कषपट्टिकेची कसोटी, आणि माझा लाडका शब्द हिणकस: ज्याचा कस हीन तो. बावनकशीतला 'कशी'ही हाच. सराफ अंगठी दगडावर ओढतो, शेजारी माहितीतल्या सोन्याची रेघ काढतो आणि दोन्हींवर तेजाबाचा, म्हणजे आम्लाचा, थेंब सोडतो. हिणकस रेघ आधी विरते. एकट्या रेघेवरून काहीच ठरत नाही, शेजारची रेघ लागतेच.

प्रोसेसरचंही तेच. खोक्यावरचे गिगाहर्ट्झ, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे सेकंदाला पडणारे अब्जावधी ठोके, हे वजन झालं, कस नव्हे. २००४ साली इंटेलचा पेन्टियम ४ हा प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला होता. इंटेलचाच २००६ चा कोअर २ ड्युओ ई६६०० अवघ्या २.४ वर त्याला मागे टाकायचा, कारण घड्याळाच्या एका ठोक्यात तो जास्त काम उरकायचा. म्हणून एकच प्रोग्राम दोन्हींवर चालवून वेळ मोजायचा. तोही आपल्या कामाचा हवा, कारण गेममधला कस व्हिडिओ एडिटिंगला लागू पडेलच असं नाही. किमतीचा हिशोब त्यानंतर.

आता जमिनीचा कस. काही जाणकार तो 'जमीन कसणे'वरून आला असं छातीठोकपणे सांगतात. ते कसणे 'कृष्'चं, नांगरणीचं. पण कस दुधाला असतो, अन्नाला असतो, लेखनालाही असतो. यांतलं काय कोणी नांगरलं? माझ्या मते शेतातला कसही सराफाच्या दगडावरूनच आला आहे.