छत्तीस पाकिटं

ताई,

माझं वय ४३. ख्रिस्ती घरात जन्मले, लहानपणीच बाप्तिस्मा झाला. तीन वर्षांपूर्वी मंडळी, म्हणजे आमचं चर्च, सोडली. कमिटीच्या निवडणुकीवरून भाऊबंदकीसारखी भांडणं झाली, पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) एका बाजूला झुकले, आणि एका रविवारी उपदेश चालू असतानाच मी उठून आले ती परत गेले नाही. नंतर दोन ठिकाणी जाऊन पाहिलं. एका ठिकाणी विचारलं, पुन्हा बाप्तिस्मा घेणार का? दुसरीकडे तासभर इतर पंथांचे दोषच ऐकले. आता कुठेच जात नाही. पहाटे शास्त्र वाचते, प्रार्थना करते, रविवारी एकटीच गीतं म्हणते. खरं सांगते, इतकी शांती देवळात कधी मिळाली नव्हती. दशांशही, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देवासाठी काढणं, चुकवत नाही. जुन्या मंडळीची छापील पाकिटं उरली होती, त्यांवरचं मंडळीचं नाव खोडून वर महिना लिहिते आणि कपाटात ठेवते. बाकावर शेजारी बसणाऱ्या आजींचे सुरुवातीला फोन यायचे. काय बोलायचं म्हणून मी उचलले नाहीत, आता तेही थांबले. घरचे म्हणतात, कुठल्याच मंडळीत नाव नाही, तर तू ख्रिस्ती कसली? पंथाशिवाय ख्रिस्ती राहता येतं का, एवढं स्पष्ट सांगा.

— ना इकडची, ना तिकडची

ताई म्हटलंस, तर अहो-जाहो बाजूला ठेवते.

राहता येतं. बाप्तिस्मा पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं झाला होता, कमिटीच्या नावानं नव्हे. सभासदांच्या यादीतून नाव गेलं म्हणून तो धुऊन निघत नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि ज्यांच्या आश्रयाला राहत होत्या त्याच सिस्टरांशी (जोगिणींशी) त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव या सिद्धांतावरून पत्रांतून भांडत राहिल्या. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचं काम सोडलं आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला. तिथे बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. या दोघांना ख्रिस्ती नाही म्हणायची तुझ्या घरच्यांची छाती होते का बघ.

झालं उत्तर. आता मला त्या पाकिटांबद्दल बोलायचं आहे.

तुझ्या पत्रात दशांशाची दोनच वाक्यं आहेत, आणि तीही आपण किती नेमाच्या आहोत हे दाखवायला लिहिलेली. मला मात्र त्यापुढचं पत्र वाचवेना. तीन वर्षं, महिन्याला एक. कपाटात साड्यांखाली असोत की कागदपत्रांच्या कप्प्यात, ३६ पाकिटं तिथे आहेत. प्रत्येकावर छापलेलं मंडळीचं नाव खोडलेलं, आणि वर महिना. आता मला सांग, महिना कशाला लिहितेस? हिशेब तपासायला कोण येणार आहे? तू लिहितेस, कारण ते पैसे आपले नाहीत हे तुला पक्कं ठाऊक आहे. आपल्या पैशांवर कुणी महिना लिहीत नाही. दुसऱ्याच्या देण्यावर लिहितात.

मग ते कुणाचे? मंडळीचं नाव खोडलंस, ठीक. त्या जागी दुसरं कुणाचं नाव लिहिलंस? एकाही पाकिटावर नाही.

रोज पहाटे शास्त्र वाचतेस ना, म्हणून तुझ्याच पुस्तकातून सांगते. प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेलं, करिंथकरांस पहिलं पत्र उघड, सोळावा अध्याय. पौल म्हणतो, आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपापल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावं. इथपर्यंत तू अगदी पौलाची शिष्या आहेस. पण लगेच पुढच्या ओळीत, ते पैसे कोण घेऊन जाणार आणि कुठे, हेही ठरलेलं आहे: यरुशलेमला, तिथल्या गरजूंसाठी. आणि बाई, हे पत्र ज्यांना लिहिलं ते करिंथकर म्हणजे पंथांच्या भांडणाचे आद्य पुरुष! पहिल्याच अध्यायात त्यांची कुरबुर आहे, मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा. पौल त्यांना विचारतो, ख्रिस्ताचे तुकडे झालेत का? पण भांडण मिटेपर्यंत पैसे कपाटात ठेवा, असं तो कुठेही म्हणत नाही.

याहून जुनं हवं असेल तर जुन्या करारातलं ‘अनुवाद’ हे पुस्तक, चौदावा अध्याय, शेवटच्या दोन ओळी. दर तीन वर्षांच्या शेवटी त्या वर्षाच्या उपजाचा दशांश बाहेर काढायचा. कुणासाठी? लेवी (देवाच्या सेवेतले, ज्यांना जमिनीचा वाटा नव्हता ते), उपरी, अनाथ आणि विधवा, यांनी पोटभर खावं म्हणून. आणि सव्विसाव्या अध्यायात तर देवासमोर उभं राहून सांगायचं आहे की घरातला पवित्र भाग मी काढून दिला, घरात ठेवला नाही. तुझी तीन वर्षं नेमकी आत्ताच भरली आहेत. तू काय सांगणार आहेस?

शांती मिळते म्हणतेस. मिळणारच. तुझ्या देवघरात कुणी काही मागायलाच येत नाही. मंडळी म्हणजे काय याबद्दल विद्वानांनी कपाटंच्या कपाटं भरून ठेवली आहेत, मला त्यातलं एवढंच कळतं की तिथे लोक आपल्याकडे काहीतरी मागू शकतात. अमकीला दवाखान्यात न्यायचंय. तमक्याच्या पोराची फी राहिलीय. कुणीतरी ते उठून सांगतं आणि आपल्याला ऐकावं लागतं, पाळक कितीही एकीकडे झुकलेला असला तरी. २५१ साली रोमचा बिशप कर्नेलियस एका पत्रात आपल्या मंडळीचा हिशेब देतो: वडील म्हणजे धर्मगुरू ४६, त्यांचे मदतनीस डीकन ७, आणि त्याखेरीज विधवा नि गरजू मिळून १,५०० हून जास्त, ज्यांना मंडळी पोसते. तिथेही तेव्हा फूट पडलेलीच होती, दुसरा एक जण स्वतःला खरा बिशप म्हणवत होता. तरी १,५०० जण कोण आहेत ते कुणाला तरी माहीत होतं.

तू मंडळीतून उठलीस तेव्हा भांडण मागे टाकलंस आणि त्याबरोबर ती यादीही मागे टाकलीस. भांडणाबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. कोण बरोबर होतं हे ठरवायला मला वेळ नाही, आणि तुझ्या बाजूनं मान डोलावली तर तू आणखी तीन वर्षं कपाट भरशील.

पंथ नको म्हणून निघालेल्यांचं पुढे काय होतं याची गंमतही आहे. १८०४ मध्ये अमेरिकेत प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या काही पाळकांनी आपल्याच संघटनेचं मृत्युपत्र लिहून ती मोडली आणि जाहीर केलं, आम्ही फक्त ख्रिस्ती. त्या चळवळीतून पुढे एक सोडून तीन वेगवेगळे गट निघाले. म्हणून पाटी नसण्याचं मला फारसं कौतुक नाही, पाटी असण्याचंही नाही. टिकले कोण ते बघ. रमाबाई सिद्धांतावरून भांडल्या, पण दुष्काळात हिंडून त्यांनी शेकडो मुली-बायकांना आपल्याकडे आणलं, त्यांची नावं लिहून घेतली, त्यांना अन्न, शिक्षण आणि काम दिलं. त्यांनी पंथाची चौकट मानली नाही, तर घरात माणसं मावेनाशी झाली. तू चौकट मानली नाहीस, तर घरात पाकिटं साठली.

रागावलीस? रागाव. पण एक कबूल करते, तुझ्या जागी दुसरी असती तर पहिल्या दोन महिन्यांतच ते पैसे घरखर्चात गेले असते. तू एकालाही हात लावला नाहीस. म्हणून तर एवढं बोलते आहे.

आता काय करायचं ते ऐक, आणि यात पर्याय नाहीत. सगळी रक्कम एकगठ्ठा कुठल्या संस्थेच्या खात्यावर टाकून मोकळी होऊ नकोस. ते फार सोपं आहे आणि त्यात पुन्हा कुणाचं तोंड दिसत नाही. छत्तीस पाकिटं, छत्तीस वेळा. जिथे खोडलं आहेस त्याच्याच खाली माणसाचं नाव लिहायचं, चालत जायचं, हातात द्यायचं, आणि त्या घरात बसून दहा मिनिटं ऐकायचं. प्रार्थना त्यांनी मागितली तरच. वेळ लागू दे. पहिलं मात्र या रविवारच्या आत.

नाव सुचत नाही ना? तीच तर अडचण आहे. तीन वर्षांत गरजू म्हणून तुला एकही माणूस नावानिशी माहीत राहिला नाही. मग माहीत असलेल्या बाईला विचार. बाकावर शेजारी बसणाऱ्या त्या आजी. कोण आजारी आहे, कुणाचं काम सुटलंय, कोण संकोचानं बोलत नाही, हे त्यांच्यासारख्या बायकांना पाळकाच्या आधी कळतं. फोन लाव. उचलले नाहीत, चुकलं माझं, एवढं म्हण, कारणं सांगत बसू नकोस. परत मंडळीत ये म्हणाल्या तर हो-नाही काही न बोलता विचार, सध्या कोण अडचणीत आहे? समोर सगळ्यात जुनं पाकीट ठेव आणि हातात पेन धर, म्हणजे नाव ऐकलं की तिथल्या तिथे लिहिता येईल.

आणि फोन लागलाच नाही, तर पाकीट घेऊन त्यांच्या दारात जा. तीन वर्षं म्हाताऱ्या माणसाला फार असतात. काय सांगावं, पहिलं नाव त्यांचंच निघायचं.