ताशाच्या सरावानंतर कानात वाजणारी शिट्टी सकाळपर्यंत थांबते. तरीही काळजी करावी का?

तुम्ही लिहिले आहे की दोन वर्षांपासून पुण्यातल्या एका पथकात ताशा वाजवता, सरावानंतर रात्रभर कानात शिट्टी वाजते आणि सकाळी ती थांबलेली असते. हे श्रवणदोषाचे लक्षण आहे का आणि वादन न सोडता कान वाचवता येतील का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. मी डॉक्टर नाही. मात्र अकरा वर्षे ताशा वाजवल्यानंतर माझ्या दोन्ही कानांची श्रवणशक्ती काही प्रमाणात कायमची गेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ही शिट्टी धोक्याची सूचना आहे. सकाळी ती थांबते यावर मीही वर्षानुवर्षे विसंबून राहिलो आणि तिथेच चुकलो. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या सुमारे १५,००० केसपेशी असतात आणि माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. प्रचंड आवाजाने त्या आधी थकतात, कानाला दडे बसल्यासारखे वाटते आणि विश्रांतीनंतर त्यातल्या बऱ्याच सावरतात. परंतु २००९ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की ऐकण्याची पातळी पूर्ववत झाल्यानंतरही या पेशी आणि श्रवणतंत्रिका यांना जोडणारे अनेक सांधे कायमचे तुटलेले होते. म्हणजे शिट्टी थांबली, म्हणून इजा भरून निघाली असे धरता येत नाही.

हा दोष ओळखणे अवघड जाते, कारण आवाज 'कमी' झाल्यासारखे वाटतच नाही. मोठ्या आवाजाचा मारा सर्वांत आधी ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांवर बसतो. बोलण्यातले अ, आ, ओ यांसारखे स्वर खालच्या पट्टीत असल्यामुळे ते नीट ऐकू येतात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने मात्र पुसट होतात. एकदा बहिणीने फोनवर सांगितले, "उद्या सकाळी सहाला बाबांना रुग्णालयात न्यायचे आहे." मी 'दहाला' ऐकले. सकाळी ती एकटीच त्यांना रिक्षाने घेऊन गेली, आणि मी निवांत चहा पीत बसलो होतो. तोपर्यंत लोक पुटपुटत बोलतात, अशीच माझी समजूत होती. हॉटेलच्या गोंगाटात समोरच्याचे शब्द न लागणे, लहान मुलांचे बोलणे पुन्हा विचारावे लागणे, टीव्हीचा आवाज मोठा असल्याची घरच्यांची तक्रार, या गोष्टी तुमच्या बाबतीत घडत असतील, तर त्या गांभीर्याने घ्या.

आता वादनाविषयी. कामाच्या ठिकाणी सुरक्षिततेसाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित हिशेबानुसार ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास राहता येते आणि पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे उरतात. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर झालेल्या मोजणीत काही वर्षी सरासरीच १०० डेसिबलच्या पुढे गेली आहे, आणि वादक तर आवाजाच्या अगदी उगमाशी असतो. पुलाखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये आवाज घुमतो म्हणून सराव रंगतो, हे मला ठाऊक आहे. पण परतून येणारा तोच आवाज कानांवर दुसऱ्यांदा आदळतो. शक्य असेल तिथे मोकळ्या मैदानावर सराव करण्याचा आग्रह पथकप्रमुखांकडे जरूर धरा.

कापसाच्या बोळ्याने जवळजवळ काहीच अडत नाही. फोमचे इअरप्लग स्वस्तात मिळतात, पण ते नीट बसवावे लागतात: स्वच्छ हातांनी प्लग बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यामागून आणून कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत सुमारे अर्धा मिनिट बोटाने दाबून ठेवायचा. नीट बसलेल्या प्लगने १५ डेसिबल जरी कमी झाले, तरी वरच्या हिशेबात १५ मिनिटांचे ८ तास होतात. ताल बुजतो ही तक्रार खरी आहे. त्यासाठी संगीतकारांचे फिल्टर असलेले प्लग मिळतात, ज्यांत सर्व पट्ट्यांतला आवाज साधारण सारखाच कमी होतो. मी तेच वापरतो आणि आठवड्याभरात हात जुळला. मधल्या विश्रांतीत ताशांच्या रांगेपासून दूर जाऊन बसा, आणि घरी परतताना हेडफोन लावू नका.

तपासणीसाठी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन प्युअर टोन ऑडिओमेट्री (कोणत्या पट्टीतला आवाज किती हळू असला तरी ऐकू येतो, हे आलेखावर मांडणारी चाचणी) करून घ्या. सरावाच्या दुसऱ्या दिवशी लगेच जाऊ नका; दोन दिवस शांततेत गेल्यावर जा, म्हणजे तात्पुरता थकवा आलेखात मिसळणार नाही. ३,००० आणि ६,००० हर्ट्झवरही तपासा, असे आवर्जून सांगा. कानात तेल वगैरे घालू नका. आणि एखाद्या कानाचे ऐकू येणे अचानक बंद झाले, तर 'मळ असेल' म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. त्यावरचे स्टेरॉइडचे उपचार जितके लवकर सुरू होतील, तितकी श्रवण परतण्याची शक्यता अधिक असते.

मी अजूनही वाजवतो, मात्र दोनऐवजी एकाच पथकात, आणि प्लग घातल्याशिवाय ताशा कमरेला बांधत नाही. दरवर्षी फेब्रुवारीत, सराव बंद असताना, तपासणी करतो. माझ्या आलेखात ४,००० हर्ट्झजवळ ऐकू येणे घटल्याचा जो खड्डा दिसतो, तो भरलेला नाही, पण गेल्या तीन आलेखांत तो आणखी खोलही गेलेला नाही. तुमचा पहिला आलेख पुढच्या सरावाच्या आधीच काढून घ्या, कारण पुढे तुलना करायला तोच लागतो. माझ्याकडे सुरुवातीच्या वर्षांचा एकही नाही.