जबड्याच्या ट्यूमरवर थिसिस घेतलाय? आधी एवढं कर

अरे घाबरू नकोस, पहिल्या वर्षाला सगळ्यांचीच तारांबळ उडते. आधी विषय छोटा कर. जबड्याचे सगळे ट्यूमर घेतलेस तर बुडशील, अमेलोब्लास्टोमा (दात बनवणाऱ्या पेशींचा ट्यूमर) आणि ओकेसी (ओडोन्टोजेनिक केराटोसिस्ट, जबड्यातली एक पोकळ गाठ) दोनच घे, ओपीजीवर, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेवर, दोघं सारखेच फसवतात.

१. एथिक्स कमिटीचं पत्र हातात येईपर्यंत एकही केस उतरवू नको. माझे चार महिने यातच वाया गेले.

२. फिल्म बघताना बायोप्सीचा रिपोर्ट झाकून ठेव. एकदा "अमेलोब्लास्टोमा" वाचलं की फिल्मवर जिकडेतिकडे त्याचे ते साबणाच्या बुडबुड्यांसारखे कप्पेच दिसतात. ओकेसी बहुतेकदा हाडाच्या आतून लांबीला पसरतो, जबडा फार फुगवत नाही, अमेलोब्लास्टोमा मात्र फुगवतो आणि दातांची मुळं खातो, सुरीने कापल्यासारखी. आणि हो, पेशंटने कानातलं काढलं नसेल तर त्याची अंधुक सावली समोरच्या बाजूला, जरा वर दिसते, आमच्या एका ज्युनियरने ती लिजन (आजाराची जागा) म्हणून मोजली होती :)

३. जुने ब्लॉक (मेणात जपलेले बायोप्सीचे तुकडे) शोधताना नावांचा घोळ लक्षात ठेव. डब्ल्यूएचओने २००५ ला ओकेसीला केसीओटी (केराटोसिस्टिक ओडोन्टोजेनिक ट्यूमर) म्हणून ट्यूमरमध्ये टाकलं, २०१७ ला परत सिस्ट केलं. रजिस्टरमध्ये दोन्ही नावं बघ, नाहीतर मधल्या वर्षांच्या केसेस सुटतात. स्लाइडही स्वतः बघ, सुजलेल्या जागेचा तुकडा असेल तर ओकेसीचं अस्तर ओळखूच येत नाही.

आयएचसी (स्लाइडवर प्रथिनं दाखवणारी खास रंगाची चाचणी), ब्राफ (एका जनुकाची तपासणी) वगैरे सध्या विसर. पहिल्या वीस केसेस गाईडशेजारी बसून बघ, मग बोलू.