तुर्की नि अर्जेंटिनात स्टीमवरचे (कॉम्प्युटर गेम विकणारं ऑनलाइन दुकान) गेम एकदम महाग का झाले? रुपया पडला तर आपल्याकडेही तसंच होईल का?

बघा, गेमची किंमत डॉलरच्या रेटबरोबर रोज हलत नाही, प्रत्येक देशासाठी ती डेव्हलपर किंवा पब्लिशर वेगळी ठरवतो, स्टीम चालवणारी वाल्व कंपनी फक्त सुचवते. त्यामुळे तुर्कीचा लिरा, अर्जेंटिनाचा पेसो घसरत गेले पण किमती जुन्याच राहिल्या आणि तिथले गेम डॉलरमध्ये मातीमोल झाले, मग बाहेरचे लोकही अकाउंटचा देश (रीजन) बदलून तिथून घ्यायला लागले. शेवटी २० नोव्हेंबर २०२३ पासून स्टीमने दोन्हीकडे लोकल करन्सी बंद करून डॉलर लावला, कारण दिलं की रेट सारखा हलतो म्हणून किंमत ठरवणंच अवघड झालंय. त्या भागांसाठी सवलतीचे वेगळे डॉलर भाव ठेवलेत खरे, पण पब्लिशरने ते भरलेच नाहीत तर सरळ अमेरिकेचा भाव लागतो. पगार पेसोत आणि गेम डॉलरमध्ये, त्यात डिसेंबर २०२३ मध्ये सरकारनेच पेसो निम्म्याहून खाली आणला, तिथल्या पोरांचं मला खरंच वाईट वाटतं.

आपल्याकडे स्टीम २०१५ पासून रुपयात आहे आणि रुपया हळूहळू घसरतो, त्यामुळे तसा झटका लगेच बसेल असं मला वाटत नाही, पण पब्लिशर अधूनमधून भाव वाढवणारच, तेव्हा आवडीचा गेम विशलिस्टला टाका आणि सेलमध्ये घ्या.