बाहुल्यांची भीती: सुरुवात कुठून करायची

बाहुल्यांच्या भीतीने भाचीच्या खोलीत पाऊल टाकवत नसेल, तर आधी लाज सोडा. ही भीती डॉक्टरांना नवी नाही, पेडिओफोबिया म्हणतात तिला. माणसासारखं दिसणारं पण पुरतं माणूस नसलेलं काही पाहिलं की मन बिचकतं, हे जपानचे रोबोतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० सालीच मांडलंय.

आता बाहुल्यांना सामोरं जायच्या पायऱ्या कागदावर लिहा, सोप्यापासून अवघडाकडे. माझी पहिली पायरी सावंतवाडीची ठकी, म्हणजे लाकडी बाहुली होती, कारण तिचे डोळे नुसते रंगवलेले. मग फोटो, दुकानाच्या काचेआडची बाहुली, त्याच खोलीतली, हातातली. डोळे मिटणारी-उघडणारी अगदी शेवटी. (गाड्यांना टांगलेल्या काळ्या बाहुल्या न विचारताच समोर येतात, त्या हिशेबात धरू नका.)

प्रत्येक पायरीवर धडधड ओसरेपर्यंत थांबा. ती वाढते, शिगेला पोचते आणि उतरतेच. मध्येच पळालात तर मेंदू एवढंच शिकतो की पळालो म्हणून वाचलो.

नवखे हमखास इथे चुकतात:
- धीट व्हायला थेट भयपट लावणं.
- भावंडांना उशाशी बाहुली ठेवायची ‘गंमत’ करू देणं. घरात ठणकावून सांगा.

झोप उडत असेल किंवा श्वास कोंडत असेल तर एकट्याने करू नका, मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलतात. लहानपणी काय झालं ते खणणं सध्या राहू द्या. या आठवड्यात फक्त यादी.