सत्राच्या अहवालात मुलीचं नाव कुठेच नाही, शाळा बदलावी का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी आठवीत, नाशिकमधलीच अनुदानित शाळा, पहिल्या सत्राचा अहवाल घरी आला, त्यात त्रेपन्न उपक्रम, गुणवंतांची दोन पानं, आणि मुलीचं नाव एकदाही नाही. शाळेचं तिच्याकडे लक्ष नाही का, शाळा बदलावी का, असं विचारलंय तुम्ही.

नका बदलू. उत्तर एवढंच. पुढचं लिहितेय ते असले अहवाल मी स्वतः तेरा वर्षं लिहिलेत म्हणून. नाशिकच्याच एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवायचे. मराठीच्या बाई म्हटल्या की अहवाल त्यांच्या गळ्यात, हे न सांगताच ठरलेलं असतं. सूत्रसंचालन त्यांचं, मानपत्र त्यांचं, संस्थेतलं कोणी वारलं तर दोन शब्दही त्यांचेच.

तेव्हा आधी ते त्रेपन्न बघू. 21 जून योग दिन. 1 ऑगस्टला टिळक पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे जयंती. दोन्ही एकाच सकाळी, हार एकाच हारवाल्याकडचे, पण अहवालात उपक्रम दोन. 29 ऑगस्ट क्रीडा दिन, 5 सप्टेंबर शिक्षक दिन, 14 ला हिंदी दिन, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. यातल्या निम्म्या दिवशी काय होतं? प्रतिमेला हार, दोन मुलांची पाठ केलेली भाषणं, फळ्यावर रंगीत खडूने फलकलेखन, जिओटॅगचा फोटो, आभार. वीस मिनिटांत मुलं वर्गात. 'उत्साहात साजरा करण्यात आला' हे माझ्या कीबोर्डला इतकं पाठ झालं होतं की एका वर्षी श्रद्धांजलीची सभासुद्धा उत्साहात साजरी झाली. छापून आल्यावर लक्षात आलं, आणि गंमत म्हणजे दुसऱ्या कोणाच्याच लक्षात आलं नाही. अहवाल वाचतं कोण! आपल्या मुलाचं नाव शोधतात आणि ठेवून देतात. तुम्हीही तेच केलंत, राग मानू नका.

आता 2019 चं सांगते. त्यासाठीच लिहायला बसलेय.

नववी ब, वर्गशिक्षिका मी. एक मुलगी होती, वडील अंबडला कंपनीत, आई घरी शिवणकाम करायची. नाव सांगत नाही, तिला आवडायचं नाही. वर्गात असून नसल्यासारखी. जूनमध्ये भूगोलाच्या सरांनी पर्जन्यमापक शिकवलं. बाकीच्यांनी वहीत आकृती काढली, ही दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन आली. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा आत बसवलेला, कडेला प्लॅस्टिकची पट्टी चिकटपट्टीने लावलेली. असल्या बाटलीचा तळ उंचसखल असतो, म्हणून तळाशी बारीक खडी, त्यात पाणी, आणि बाटली सरळ होते तिथे शून्याची रेघ. हे आमच्या प्रयोगशाळेतल्या कोणालाही सुचलं नसतं.

"बाई, रोज साडेआठला बघून येऊ?"

साडेआठच का, तर हवामान खातं चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं, मग आपणही तेव्हाच मोजायचा. हे तिला कोणी सांगितलं देव जाणे.

आमची शाळा सकाळची. साडेआठ म्हणजे ऐन दुसऱ्या तासात, आणि दुसरा तास गणिताचा. गणिताच्या सरांनी चार दिवस सोडलं, पाचव्या दिवशी स्टाफरूममध्ये मला धरलं. "तुमच्या त्या वेधशाळेला सांगा, माझा तास म्हणजे धर्मशाळा नाही." शेवटी दोन मिनिटांवर तोडगा निघाला, आणि परत आली की फळ्यावरच्या उदाहरणाची पुढची पायरी तिनेच सांगायची. ती सांगायची. जुलैअखेर सरच दाराकडे बघत "किती?" म्हणून विचारायला लागले. एकदा ती म्हणाली, तेवीस मिलिमीटर. सरांनी पुस्तक मिटलं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. वर्गावरचा पत्रा मुलांकडूनच मोजून घेतला होता, 48 चौरस मीटर. फळ्यावर गुणाकार झाला: 1,104 लिटर. एका दिवसात, एका वर्गाच्या पत्र्यावरून, सरळ गटारात. आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे मुलांच्या पिण्याच्या पाण्याचा टँकर आला होता. कुठलासा मुलगा मागून म्हणाला, "सर, मग टँकर कशाला?" त्या दिवसाचा फोटो नाही. अहवालात तो तासही नाही.

रविवारची सोय म्हणजे शिपाई मामा. ते शाळेच्या आवारातच राहायचे. बाटली बघून गेटच्या पत्र्यावर खडूने आकडा लिहायचे, सोमवारी ही उतरवून घ्यायची. छान चाललं होतं.

मग 4 ऑगस्ट आला. रविवार. नाशिककरांना वेगळं सांगायला नको. गोदावरीला पूर, आणि अख्खं गाव दुतोंड्या मारुतीचे फोटो एकमेकांना पाठवतंय. (बाहेरच्यांसाठी: रामकुंडाजवळची मूर्ती. पूर किती ते आम्ही पाणी मारुतीच्या कुठवर आलं यावर मोजतो.) शाळा पुन्हा भरली तेव्हा गेटवर आकडा नव्हता. मामा म्हणाले, "भरून वाहत होती हो, ओतून टाकली. परत लावली की नीट." त्यांच्या मते त्यांनी काळजीच घेतली होती.

मला वाटलं, पोर रडेल. रडली नाही. रजिस्टर उघडून लिहिलं: '4 ऑगस्ट. नोंद नाही. बाटली भरून वाहिली, पाणी ओतले गेले.' मी शहाणपणा केला. म्हटलं, अगं, पेपरात आकडा आलाय, तो टाक, कोणाला कळणार आहे. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पण बाई, ती बाटली वेगळी आहे ना."

तेव्हा मी नोकरीत एकवीस वर्षं काढली होती. काय बोलणार?

त्याच पावसाळ्यात आणखी एकदा बाटलीत जेमतेम तीन मिलिमीटर होतं आणि नदीचं पाणी मात्र वाढलेलं. ती भूगोलाच्या सरांकडे गेली, आपली बाटली चुकते का म्हणून विचारायला. बाटली बरोबर होती. पाऊस वर त्र्यंबकच्या बाजूला पडतो, गंगापूर धरण भरतं, विसर्ग सोडला की शहरात ऊन असलं तरी घाटावर पाणी चढतं. चौथीपासून पुस्तकात असलेली गोष्ट. पण स्वतःच्या बाटलीवर शंका घेऊन विचारायला आलेली मुलगी त्या सरांनाही नवीन होती.

सहामाही लागली तेव्हा रजिस्टरमध्ये शंभरावर नोंदी होत्या, गाळलेली एक. मी विज्ञान प्रदर्शनासाठी तिचं नाव सुचवलं. मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, रजिस्टर चाळलं, 4 ऑगस्टवर बोट ठेवलं. "नेमका पुराच्या दिवशीचा आकडा नाही? परीक्षक पहिलं तेच विचारतील. आणि टेबलावर ठेवायचं काय, बाटली?" पाठवला गेला इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारा जेसीबी. तो एका मुलाच्या वडिलांनी केला होता, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. मुलाला तर कुठल्या सिरिंजने फावडं वर जातं तेही दोनदा विचारावं लागलं. तिसरा क्रमांक आला. अहवालात अर्धं पान, फोटोसकट.

मी त्याच पानावर खाली एक ओळ घातली होती: 'इ. 9 वी ब मधील विद्यार्थिनीने संपूर्ण सत्रात रोज सकाळी 8.30 वाजता पावसाची नोंद ठेवली.' कच्ची प्रत परत आली तेव्हा त्या ओळीवर लाल रेघ, आणि समासात मोठ्या सरांच्या अक्षरात दोन शब्द: 'यश काय?'

ती प्रत मी अजून टाकलेली नाही.

मोठे सर आता निवृत्त आहेत, मीही. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर भेटतात, चौथ्या फेरीला हा विषय निघतोच. "बाई, अहवाल म्हणजे रोजनिशी नव्हे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांना धावपटू कविता राऊत आणि रोइंगवाला दत्तू भोकनळ फार आवडतात, प्रत्येक बक्षीस समारंभात दोघांचं नाव घ्यायचे. मी म्हणते, सर, दत्तू आपल्या चांदवड तालुक्यातला, 2016 ला रिओ ऑलिंपिकला गेला, पण वल्हं हातात घेतलं ते सैन्यात भरती झाल्यावर. त्याच्या शाळेच्या कुठल्या सत्राच्या अहवालात रोइंग असणार होतं? यावर ते पाचवी फेरी जरा जोरात मारतात.

तर तुमच्या मुलीचं. अहवाल घ्या आणि दिनविशेष खोडून टाका. मग स्वागत, सत्कार, उद्घाटनं खोडा. उरतील ते सहा-सात. त्यातल्या कशात ती होती हे तिलाच विचारा, आणि 'नंबर आला का' असं विचारू नका, 'तू काय केलंस' असं विचारा. कोणी स्टेजमागे पडदा ओढलेला असतो, कोणी खो-खोच्या संघात राखीव बसून पूर्ण स्पर्धा काढलेली असते, कोणी प्रदर्शनात दिवसभर टेबलापाशी उभं राहून दुसऱ्याचा जेसीबी समजावलेला असतो. अहवालात ही मुलं 'इतर विद्यार्थ्यांनी सहकार्य केले' या ओळीत राहतात. ती ओळही मीच लिहायचे.

व्यवहाराचं विचाराल तर आठवीत असताना तीन गोष्टी बघा, बाकी प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्याला दहावीत कोणी विचारत नाही. चित्रकला बरी असेल तर एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट, या सरकारी चित्रकला परीक्षा. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीत अ ला 7, ब ला 5, क ला 3 गुण वाढतात. घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत असेल तर एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा आठवीतच असते, अर्ज शाळेमार्फत जातो, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. हे अहवालात दोन ओळींत येतं, पण घरात चार वर्षं पुरतं. आणि मुलीच्या डोक्यात काही कल्पना असेल तर इन्स्पायर मानक या मुलांच्या कल्पनांसाठीच्या सरकारी योजनेसाठी शाळेनं ती ऑनलाइन भरायची असते; निवड झाली तर 10,000 रुपये तिच्या खात्यात. कल्पना तिची हवी, तुमची नको. जेसीबी करू नका.

आता एक कबूल करायला हवं, नाहीतर मोठे सर वाचून म्हणतील बाई एकतर्फी लिहितात. अनुदानित शाळेत शिक्षकांची पदं पटावर ठरतात. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे सरकार पदं मंजूर करतं तेव्हा, पद जातं, एखादा शिक्षक अतिरिक्त ठरतो, तुकडी बंद पडते. आजूबाजूला इंग्रजी माध्यमाच्या चकचकीत शाळा, त्यांचे रंगीत बॅनर सर्कलसर्कलवर. अशात मोठ्या सरांच्या हातात होतं काय, तर तो अहवाल आणि त्यातला तिसरा क्रमांक. ते मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. मला राग लाल रेघेचा आहे, जेसीबीचा नाही. बरं, थोडा जेसीबीचाही आहे.

आणि शाळा बदलू नका म्हटलं, त्यालाही एक अपवाद. वर्गशिक्षकांना भेटा, अहवालाचा विषयच काढू नका. नुसतं विचारा, मधल्या सुट्टीत ती कोणाबरोबर असते? त्यांनी लगेच सांगितलं तर निर्धास्त घरी या. 'चांगली आहे, शांत आहे' एवढंच आलं तर महिन्याभराने पुन्हा जा. तेव्हाही तेच आलं तर मग तुमची शंका खरी समजा. माझ्या वर्गातल्या किती मुलांबद्दल मी नुसतं 'शांत आहे' म्हणून पालकांना वाटेला लावलं, ते आठवायला नको वाटतं.

रजिस्टर माझ्याकडे आहे. दहावी झाल्यावर तिनेच आणून दिलं. मामांचं तेवढं सांगायचं राहिलं. 2020 च्या जुलैत शाळा बंद होत्या, आम्ही शिक्षक पोषण आहाराचा तांदूळ वाटायला आळीपाळीने जायचो. मैदानात गुडघाभर गवत. बाटली होती तिथेच होती, पट्टी बदललेली. वाचायला येणारं कोणी नव्हतं. गेटच्या पत्र्यावर खडूने लिहिलेलं, पावसाने अर्धं पुसलेलं: 'रवि. 14. वाचून ओतले.'