घरामागची जागा गाजर गवत आणि हरळीने भरली आहे, तिथे भाजी कशी लावू?

सगळी जागा एकदम साफ करायला जाऊ नका. या वर्षी दोन वाफ्यांपुरती घ्या, बाकीचं गवत फक्त कापत राहा, बी धरू देऊ नका.

गाजर गवत फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटा. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, त्वचेला त्याची ॲलर्जी होते. आत शिरण्याआधी काठीने झुडपं हलवून घ्या, साप असू शकतो.

खरी झुंज हरळी आणि लव्हाळ्याशी आहे. तिथे रोटाव्हेटर अजिबात फिरवू नका. काशांचे, म्हणजे जमिनीखाली पसरणाऱ्या खोडांचे, तुकडे होतात आणि एकेक तुकडा नव्याने फुटतो. कुदळीने खणा, काशा हाताने वेचा आणि कडक उन्हात वाळवा. एप्रिल-मेमध्ये जमीन भिजवून पारदर्शक प्लास्टिक अंथरा, कडा मातीत दाबा आणि ४ ते ६ आठवडे तसंच ठेवा. वरच्या थरातलं तणाचं बरंचसं बी मरतं. लव्हाळ्याच्या गाठी मात्र खोल असतात, त्या पुन्हा पुन्हा खणूनच काढाव्या लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण तणनाशकापेक्षा मला हेच पटतं, कारण तिथलंच आपण खाणार आहोत.

पावसाला सुरुवात झाली की हिरवळीच्या खतासाठी ताग दाट पेरा आणि दीडेक महिन्याने, फुलोऱ्याच्या सुमाराला मातीत गाडा. एका कोपऱ्यात लाल भोपळ्याचा वेल सोडा, त्याची पानं जमीन झाकतात. हिवाळ्यात मेथी, पालक, वांगी घ्या. कांदा आणि गाजर पहिल्या वर्षी नको, त्यांची कोवळी रोपं तणात गुदमरतात.